जादू मिळण्याआधीचं पोर: फँटसी सिनेमातले छोटे नायक घडतात कसे?

अर्धविराम

गेल्या रविवारी नऊ वर्षांच्या भाचीबरोबर एक फँटसी सिनेमा पाहिला. नाव सांगत नाही, नाहीतर धागा त्या सिनेमाच्याच मागे लागेल. पोरगा अनाथ, जन्माआधीच भविष्यवाणी झालेली, एक दाढीवाला येऊन सांगतो की बाबा रे, तूच तो. मग तलवार, मग युद्ध. अर्ध्यावर भाची म्हणाली, "मावशी, याला काही येतच नाही. मग सगळे याला ग्रेट का म्हणतायत?"

तेव्हा मी "गप बघ" म्हणून वेळ मारून नेली, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. माझं मत बनलंय ते असं: पोराच्या हातात जादू येण्याआधी ते पोर आपल्या ओळखीचं झालेलं असलं पाहिजे. आणि ही ओळख बाकीच्यांनी केलेल्या कौतुकातून होत नाही. ते पोर एकटं असताना काय करतं, त्यातून होते.

'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' (२०१०) घ्या. हिकप हा टोळीप्रमुखाचा काडीपैलवान मुलगा, लोहाराच्या भट्टीवर उमेदवारी करणारा. सुरुवातीला तो स्वतःच्या आवाजात स्वतःबद्दल भरपूर बडबडतो, पण मला तो कळला वहीच्या एका पानावर. दरीत अडकलेला काळा ड्रॅगन पुन्हापुन्हा उडायचा प्रयत्न करून घसरतोय आणि हा वर बसून त्याचं चित्र काढतोय. उडून का जात नाही हा, असं स्वतःशी म्हणतो. मग नीट बघतो, आणि वहीतल्या शेपटीचा एक पंख बोटाने पुसून टाकतो. कारण तो पंख आता नाहीये. आणि ड्रॅगनला खाली पाडलं ते यानेच बनवलेल्या यंत्राने!

बघण्याची सवय, हातातली कारागिरी आणि मनातला अपराध, सगळं त्या पुसणाऱ्या बोटात आलं. पुढे तो भट्टीवर जाऊन खोटा पंख बनवतो तेव्हा आश्चर्य वाटत नाही. वाटतं, हा दुसरं काय करणार?

तुमच्या आठवणीत असे प्रसंग आहेत का? जादूचे, लढाईचे नकोत. (स्पॉयलर येणारच, ज्यांनी बघितले नाहीत त्यांनी जपून.)

तिरपागडा

धागा चांगला, पण भविष्यवाणीवर उगाच राग काढलाय. नियती लिहिलेली असली म्हणून पात्र कच्चंच राहतं हे अजिबात पटलं नाही. हॅरी पॉटर तर पाळण्यात असल्यापासून जगप्रसिद्ध. तरीही पहिल्या सिनेमात (२००१) मुलांना शाळेतल्या गटांत वाटणारी ती टोपी डोक्यावर येते तेव्हा तो डोळे मिटून "स्लिदरिन नको" असं पुटपुटत बसतो, म्हणजे तो बदनाम गट नको. टोपीला त्याच्यात दोन्हीकडची लक्षणं दिसतायत. निवाडा होतो तो त्याच्या त्या पुटपुटण्यामुळे. म्हणजे नियती आहेच, पण तिच्यात एक फट ठेवलीय आणि पोरगं त्या फटीत पाय अडकवून उभं आहे.

तुमचा मुद्दा असा हवा: भविष्यवाणी चालेल, पण ती खरी ठरवायचं काम पोराला करू द्या.

नदीकाठ

मला लगेच 'स्पिरिटेड अवे' (२००१) मधला जिना आठवला. दहा वर्षांची चिहिरो, भुताखेतांच्या जगात अडकलेली. बाहेरच्या बाजूने, भिंतीला चिकटून खाली जाणारा लाकडी जिना, कठडा नाही. तिला खाली बॉयलरच्या खोलीत जायचंय. साधारण सिनेमात नायिका धाडकन उतरली असती. ही बसते. बुड टेकवून एक पायरी, मग पुढची. मग एक पायरी पायाखाली मोडते, ती घाबरून किंचाळत सुसाट खाली पळते आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आपटते.

मी हौसेखातर थोडंफार अॅनिमेशन करते, म्हणून सांगते: असं बसत बसत उतरणं चितारायला महाग असतं. शरीराचं वजन, हात टेकणं, स्कर्ट-चपला सांभाळणं, सगळं काढावं लागतं. दिग्दर्शक उगाच तेवढी मेहनत घेत नाही. कारण नंतर हीच पोरगी एका गंजलेल्या पाइपवरून उंचावर पळत जाते, पाइप मागे निखळत असतो. तेव्हा कोणी "बघा, ती आता धीट झाली" असं म्हणत नाही. ज्याने जिना बघितलाय त्याला सांगायची गरजच नाही.

(दुरुस्ती: वर चपला लिहिलंय, पण पायात बूट आहेत. आणि स्कर्ट नाही, हाफपँट. लिहिण्याच्या भरात गेलं.)

चिमखडा

दहा वर्षांच्या पोरीने स्वतःचे मोजे बुटात नीट कोंबून ठेवले हा त्या सिनेमातला सगळ्यात काल्पनिक प्रसंग आहे. माझ्या घरी घडलेला नाही.

जुनाखोड

त्या मोज्यांचं पुढेही काम आहे, चिमखडा. बूटमोजे बॉयलरच्या खोलीतल्या काजळीच्या पिटुकल्या जिवांपाशी राहतात आणि पुढे बाहेर जायच्या वेळी तेच आणून देतात. पोराच्या वस्तूंवर लक्ष ठेवावं. चांगला दिग्दर्शक एकही वस्तू वाया घालवत नाही.

आता मूळ मुद्दा. हे सगळं पुराणकथांचा अभ्यासक जोसेफ कॅम्पबेलच्या नायकाच्या प्रवासावरच्या १९४९ च्या पुस्तकापाशी जाऊन पोहोचणार हे मला दिसतंय, म्हणून आधीच कुंपण घालतो. घर सोडा, गुरू भेटा, गुहेत शिरा, परत या: हा प्रवासाचा नकाशा झाला. नकाशावरून प्रवासी कळत नाही. 'स्टार वॉर्स' (१९७७) याच नकाशावर चालतो म्हणून सगळे त्याचं उदाहरण देतात. पण ल्यूक लक्षात राहतो तो नकाशामुळे नव्हे. काकांनी "अजून एक हंगाम थांब" म्हटल्यावर तो जेवण टाकून बाहेर येतो आणि वाळवंटात मावळणारे दोन सूर्य बघत उभा राहतो, वारा केसात, संगीत चढत जातं, बस. त्याला काय हवंय हे त्यालाही नीट ठाऊक नाही. फक्त इथे नसायला हवं, एवढंच. त्या वयाचं त्याहून खरं चित्र मी फार थोड्या सिनेमांत पाहिलंय. आणि तो त्याआधी किती कुरकुरतो! किरकिऱ्या आहे पोरगा. कोणी सभ्य करून टाकला असता तर मेलाच असता.

अर्धविराम

नदीकाठ, जिना अगदी हवा होता तो प्रसंग. माझ्या मनात नव्हताच.

तिरपागडा, तुमची फट मान्य. उलट माझीच बाजू भक्कम झाली की. टोपीचा प्रसंग जादूचा असला तरी आपण बघतो ते एका घाबरलेल्या मुलाचं तोंडातल्या तोंडात बोलणं.

खोडकाका, किरकिऱ्या शब्दासाठी दंडवत. चिहिरोसुद्धा सुरुवातीला गाडीच्या मागच्या सीटवर निरोपाचा पुष्पगुच्छ घेऊन आडवी पडलेली असते आणि नवी शाळा दिसल्यावर जीभ काढते. आवडावी अशी मुळीच नाही. आपल्याकडे बालनायक पहिल्याच मिनिटात गोड करायची घाई असते.

अनवाणी

गोडपणावरून 'पॅन्स लॅबिरिंथ' (२००६). मुलांचा सिनेमा नाही, आधीच सांगते. लहान मुलांना दाखवू नका, हिंसा भयंकर आहे.

१९४४ चं स्पेन, यादवी युद्ध संपलेलं, सत्ता फ्रँकोची. ओफेलिया गरोदर आईबरोबर सावत्र बापाच्या, म्हणजे एका क्रूर कॅप्टनच्या तळावर येते. पहिल्याच भेटीत ती हात पुढे करते तो डावा, कारण उजव्या हाताने पुस्तकं छातीशी धरलीयत. तो तिचा हात आवळतो आणि शांतपणे सांगतो की दुसरा हात. एवढंच. तिला शिस्तीपेक्षा पुस्तकं प्यारी, त्याला माणसापेक्षा शिस्त. दोन पात्रं, एक हस्तांदोलन.

पण मला खरा मुद्दा वेगळा मांडायचाय. ही मुलगी आज्ञा मोडते म्हणून मोठी होते. पांढऱ्या राक्षसाच्या मेजावरचं काही खाऊ नकोस असं बजावलेलं असताना ती द्राक्षं खाते. नुसता हट्ट, भूक, पोरकटपणा. त्याची किंमत म्हणून बरोबरच्या दोन पऱ्यांचा जीव जातो. चूक खरी, शिक्षा खरी. मग शेवटी तिला कामगिऱ्या देणारा फॉन (अर्धा माणूस, अर्धा बोकड) सांगतो की लहान भावाच्या रक्ताचे थोडे थेंब दे. ती पुन्हा आज्ञा मोडते. कृती तीच, पण पहिल्या वेळी जीभ सुटली म्हणून, दुसऱ्या वेळी सगळं समजून. मधल्या काळात तिथला डॉक्टरही कॅप्टनला जवळजवळ हेच सुनावून जातो, की निमूट आज्ञा पाळणं तुमच्यासारख्यांनाच जमतं. मोठ्या माणसाच्या गोष्टीत जे घडलं, त्याचा पडसाद मुलीच्या गोष्टीत ऐकू येतो. व्यक्तिरेखा एकट्या पात्रावर उभी करायची नसते, शेजारच्या पात्राला टेकवूनही उभी करता येते.

तिरपागडा

+१, विशेषतः द्राक्षांना. बालनायकाची चूक म्हणजे बहुतेक वेळा "अरेरे, मी फारच भला होतो म्हणून फसलो" अशा थाटाची असते. ती चूक नव्हे, जाहिरात.

एडमंडचंही तेच. 'नार्निया'च्या २००५ च्या पहिल्या सिनेमात तो मिठाईसाठी भावंडांना दगा देतो. पण त्याआधी सिनेमावाल्यांनी पुस्तकात नसलेला एक तुकडा घातलाय. लंडनवर बॉम्ब पडतायत, सगळे आसऱ्याकडे धावतायत, आणि हा उलटा घरात पळतो, युद्धावर गेलेल्या वडिलांचा फोटो आणायला. थोरला भाऊ मागून धावतो, वाचवतो, आणि वर खडसावतो की सांगितलेलं ऐकता येत नाही का तुला. आता हा मिठाईला का भुलला ते वेगळं सांगावं लागत नाही. त्याला राजा व्हायचं नव्हतं, त्याला कोणीतरी ओरडल्याशिवाय जवळ घ्यायला हवं होतं.

चिमखडा

एक बाळबोध शंका. या सगळ्या गोष्टींत आईबापांना का मारतात किंवा चिहिरोच्या आईबापांसारखं डुक्कर का करतात?

नदीकाठ

कारण आई शेजारी असली की "स्वेटर घाल" म्हणेल आणि गोष्ट तिथेच संपेल.

गमतीचा भाग सोडून सांगते. पोराने निर्णय घ्यायचा असेल तर मोठ्यांना बाजूला करावं लागतं. मारून टाकणं हा त्यातला सगळ्यात आळशी उपाय. हिकपचा बाप तर धडधाकट आहे, समोर उभा आहे, आणि म्हणूनच पोराची जास्त कुचंबणा होते. दोघंही एकाच वेळी बोलायला तोंड उघडतात, बाप म्हणतो तुला ड्रॅगन मारायचं शिक्षण मिळणार, पोरगा म्हणतो मला मारायचं नाहीये. ऐकत कोणीच नाही. अनाथ नायकाला हा संवाद कुठून मिळणार?

जुनाखोड

वयाबद्दल कोणीच बोललं नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पुस्तकात फ्रोडो अंगठी घेऊन निघतो तेव्हा पन्नाशीचा आहे. त्याला अंगठी देऊन जाणाऱ्या बिल्बोच्या मेजवानीनंतर मधे सतरा वर्षं जातात. सिनेमात ती सतरा वर्षं गाळली आणि भूमिका दिली एलायजा वुडला, जो १९९९ मध्ये चित्रीकरण सुरू झालं तेव्हा अठरा वर्षांचा होता. पुस्तकातला फ्रोडो आयुष्याची घडी बसलेला, विचार करून निघणारा गृहस्थ. सिनेमातला पोरगेला. "मी नेतो, पण वाट मला ठाऊक नाही" अशा अर्थाचं तो बोलतो तेव्हा पडद्यावर एवढी मोठी माणसं भांडत असतात आणि हा मधून क्षीण आवाजात बोलतो. पन्नाशीच्या माणसाने हेच म्हटलं असतं तर ते शहाणपण वाटलं असतं. अठराव्या वर्षी ते धाडस वाटतं आणि त्याच क्षणी त्याची काळजीही वाटते. संहिता जवळपास तीच, चेहरा बदलला की व्यक्तिरेखा बदलली.

पुस्तकप्रेमींना हे आवडलं नाही. मी त्यांच्यातलाच होतो. आता मत बदललंय.

अर्धविराम

कपड्यांचंही तसंच ना? हॅरी पॉटरच्या तिसऱ्या सिनेमात (२००४) दिग्दर्शक बदलला, अल्फोन्सो क्वारोन आला, आणि पोरं एकदम खरी वाटायला लागली. टाय ढिला, शर्ट बाहेर, सुट्टीत साधे कपडे. क्वारोनने तिघांना आपापल्या पात्रावर निबंध लिहायला सांगितला होता हा किस्सा प्रसिद्धच आहे. एम्मा वॉटसनने पानंच्या पानं लिहिली, डॅनियल रॅडक्लिफने एक पान, आणि रूपर्ट ग्रिंटने दिलाच नाही. तिघांनीही आपापल्या पात्राला शोभेल असंच केलं!

त्याच सिनेमातला माझा आवडता प्रसंग पेट्रोनसच्या, म्हणजे संरक्षक मंत्राच्या शिकवणीचा. मंत्रासाठी सुखाची आठवण लागते. हॅरी आधी झाडूवर पहिल्यांदा उडाल्याची आठवण काढतो, मंत्र फसतो. मग जमतो. शिकवणारा ल्युपिन विचारतो तेव्हा तो सांगतो की आईबाबा माझ्याशी बोलतायत असं काहीतरी आठवलं, खरं आहे की नाही तेही ठाऊक नाही, पण माझ्याकडचं सगळ्यात चांगलं तेच आहे. तेरा वर्षांच्या पोराकडे सुखाची एक खात्रीची आठवण नाही! आणि पुढे काळात मागे गेल्यावर तळ्याकाठी तो वाट बघत राहतो की बाबा येतील आणि वाचवतील. कोणी येत नाही. मग कळतं की मघाशी पलीकडच्या काठावर जे दिसलं ते बाबा नव्हते, आपणच होतो.

खिडकीतला_पाऊस

बरेच दिवस नुसती वाचते इथे, आज धीर केला. मी एक पटकथा लिहितेय. नायिका बारा वर्षांची. वारा तिच्याशी बोलतो. ती शूर आहे, दयाळू आहे, हुशार आहे. गावावर संकट येतं, ती वाऱ्याच्या मदतीने ते दूर करते. ज्यांना वाचायला दिली ते म्हणतात "छान आहे". त्यांच्या "छान" वरून कळतंय की छान नाहीये. कुठे चुकतंय?

नदीकाठ

शूर, दयाळू, हुशार. यातलं कॅमेऱ्याला नेमकं काय दिसतं? पहिल्या पाच मिनिटांत ती काय करते तेवढं सांग, विशेषणं न वापरता.

खिडकीतला_पाऊस

टेकडीवर उभी असते. केस उडत असतात. वारा तिला सांगतो की वादळ येतंय.

तिरपागडा

म्हणजे वारा तिचा हवामान खात्यातला माणूस. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तिच्या जादूत तोटा कुठाय? वारा सगळीकडून येतो. त्याला काय गावचं गुपित, काय शत्रूची चाल, सगळं एकच. तो तिला नको ते पण आणून देत असणार. मैत्रिणी पाठीमागे काय बोलतात, आई रात्री दुसऱ्या खोलीत कशाला रडते. बाराव्या वर्षी हे ऐकणं म्हणजे वरदान की डोकेदुखी?

अनवाणी

आणि ती त्याचा गैरवापर करते का? मी केला असता. कोण काय बोललं ते ठाऊक असल्यावर समोरच्याला हवं तेच बोलायचं. सगळ्यांची लाडकी. मग एक दिवस तिच्या तोंडून असं काही निसटतं जे तिला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. ती तुझी द्राक्षं.

खिडकीतला_पाऊस

बापरे. मी तिला आवडती ठेवायच्या नादात तिचं काही बिघडूच दिलं नाही.

जुनाखोड

बिघडू दे गं. आपल्याला आवडावी म्हणून नव्हे, काळजी वाटावी म्हणून लिही. आणि ती टेकडी काढून टाक. केस उडणाऱ्या पोरी जाहिरातीत पुष्कळ.

चिमखडा

मधेच एक. काल 'स्पिरिटेड अवे' पुन्हा लावला, नदीकाठच्या जिन्यासाठी. शेवटाला अडलो. बोगद्यातून परत जाताना चिहिरो आईच्या हाताला तशीच लटकते जशी सुरुवातीला लटकली होती. आईचं वाक्यसुद्धा तेच, एवढी चिकटू नको, पडेन मी. मग एवढं सगळं होऊन पोरगी बदललीच नाही?

अर्धविराम

भाचीने सेम हेच विचारलं! मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "आईला काही माहीतच नाही ना. मग ती आईसमोर छोटीच राहणार."

माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

नदीकाठ

जादूगारीण झेनिबाने दिलेला केसांचा बँड तेवढा बोगद्यानंतरही चकाकतो. तेवढाच एक पुरावा. आईला तोही दिसत नाही. भाचीला माझ्यातर्फे चॉकलेट.

तिरपागडा

माझा थोडा वेगळा सूर. भीती गेली नाही म्हणूनच बदल खरा वाटतो. हिकपसुद्धा शेवटी एक पाय गमावून उठतो आणि पहिल्याच पावलाला धडपडतो, ड्रॅगन सावरतो. ड्रॅगनचा शेपटीचा डावा पंख गेलाय, याचा डावा पाय. जिंकलेल्या पोराला असं लंगडत ठेवायची हिंमत किती लोकांत असते?

खिडकीतला_पाऊस

तीन दिवसांनी परत आले. टेकडी काढली. नवीन सुरुवात अशी:

रात्र. उकाडा. छोटी खोली, दोन भावंडं जमिनीवर झोपलेली. धाकटा घामाने निथळतोय. मुलगी उठते, खिडकी लावते. मग फटींमधे चिंध्या कोंबते, एकेक करून, सवयीच्या हाताने. दाराखाली घडी घातलेली सतरंजी सारते. धाकटा म्हणतो, "ताई, मरतोय मी." ती म्हणते, "मला थंडी वाजतेय." अंगावर पांघरूण घेते. तिच्या कपाळावरूनही घाम ओघळतोय.

जादू अजून कुठेच नाही. चालेल?

जुनाखोड

"सवयीच्या हाताने" राहू दे. काय वाट्टेल ते झालं तरी ते दोन शब्द काढू नकोस.

नदीकाठ

चालेल काय विचारतेस! धाकटा पुढे काही बोलतो का?

खिडकीतला_पाऊस

नाही. ती झोपल्यावर तो हळूच उठतो आणि एक चिंधी काढून घेतो. एकच, अगदी कोपऱ्यातली.

अर्धविराम

आणि त्या फटीतून तिला पहिलं काय ऐकू येतं?

खिडकीतला_पाऊस

तिथेच अडलेय. दोनदा लिहून खोडलं. आत्तापुरतं एवढंच ठरलंय की आवाज ओळखीचा असतो.